शेंगदाणा तेल आणि वजन: किराण्याच्या यादीपासून फोडणीच्या पळीपर्यंत

वजन कमी करायचं ठरलं की घरात पहिला वाद तेलावरून होतो. कोणी म्हणतं शेंगदाणा तेल बंद करा, कोणी म्हणतं लाकडी घाण्याचं तेल आणा, त्यानं चरबी जळते. कोणी सकाळी उपाशीपोटी चमचाभर तेल प्यायला सांगतं. या गोंधळात तेल बदलतं, डबा बदलतो, पैसे जास्त जातात आणि वजनाचा काटा तिथेच राहतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते: कोणतंही खाद्यतेल वजन उतरवत नाही. शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरेल, ऑलिव्ह, साजूक तूप, सगळ्यांत एका ग्रॅममागे साधारण ९ कॅलरी असतात. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांच्यात त्या ४. पोह्याच्या लहान चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, साडेचार ग्रॅम तेल मावतं आणि त्यात ४० कॅलरी असतात. तेल घाण्याचं असो की कारखान्याचं, हा आकडा हलत नाही.

तरीही वजन उतरवायला निघालेल्या मराठी घराला मी शेंगदाणा तेलच सुचवेन. कारण त्याला वास आहे, चव आहे. चांगल्या घाण्याच्या तेलाची दोन चमचे फोडणी जेवढी खमंग लागते, तेवढा खमंगपणा बेचव रिफाइंड तेलातून आणायला पळी दोनदा बुडवावी लागते. कमी तेलात समाधान होणं हाच या तेलाचा वजनासाठी खरा उपयोग. मात्र तो मोजूनमापून स्वयंपाक केला तरच मिळतो. ते कसं करायचं, ते आता क्रमानं पाहू.

पहिली पायरी: महिन्याचा हिशेब

तव्याकडे वळण्याआधी किराण्याची यादी काढा. रोज किती तेल वापरतो हे कोणालाच नीट सांगता येत नाही, पण महिन्याला किती आणतो हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

समजा चार माणसांचं घर आहे आणि महिन्याला पाच लिटरचा कॅन लागतो. एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम, म्हणजे पाच लिटरचं ४,५५० ग्रॅम. त्याला ३० दिवसांनी आणि चार माणसांनी भागलं की माणशी रोज जवळजवळ ३८ ग्रॅम येतात. नुसत्या तेलातून ३४० कॅलरी. तूप, लोणी, बाहेरचा वडापाव, फरसाण हे त्यात धरलेलं नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला २,००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेलं तेल आणि तूप मिळून साधारण २७ ग्रॅम, असं प्रमाण त्यात दिलं आहे. ज्याचं काम बसून आहे आणि ज्याला वजनही उतरवायचं आहे, त्यानं याच्याही थोडं खाली राहावं.

म्हणून चौघांच्या घरासाठी मी तीन लिटरचा आकडा धरते. माणशी रोज पावणेतेवीस ग्रॅम तेल होतं आणि वर अर्धा चमचा तुपाला जागा उरते. घरात लहान मुलं असतील तर त्यांना मोठ्यांइतकं लागत नाही, आणि शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याला जास्त लागतं. त्या मानानं आकडा पुढेमागे करा.

पाचवरून तीन लिटरवर आलात तर माणशी रोज १५ ग्रॅम तेल कमी होतं, म्हणजे १३५ कॅलरी. महिन्याच्या ४,००० हून थोड्या जास्त. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे कागदावर महिन्याला अर्धा किलो उतरतं. प्रत्यक्षात थोडं कमीच उतरेल, कारण शरीरही खर्च आवरतं घेतं. पण बाकी जेवणात काहीही न बदलता हे होत असेल, तर ते सोडू नये.

पाचवरून एकदम तीनवर उडी मात्र मारू नका. पहिल्या महिन्यात साडेचार, मग चार, मग साडेतीन. जिभेला जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि घरातल्या सगळ्यांनी जेवण बेचव म्हणून नाकारलं की संध्याकाळी वेफर्सचं पाकीट उघडतंच. फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तेलाची खरेदी दहा टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं होतं. सुरुवातीला तेवढी घट योग्यच आहे. सवय झाली की पुढची घट आपोआप सोपी होते.

दुसरी पायरी: तेल निवडणं

आपल्या बाजारात शेंगदाणा तेल तीन रूपांत मिळतं.

घाण्याचं तेल लाकडी किंवा लोखंडी घाण्यात सावकाश फिरवून काढतात. शेंगदाणे फार तापत नाहीत, वास आणि रंग टिकतो, ई जीवनसत्त्व आणि वनस्पतीजन्य स्टेरॉल बऱ्यापैकी राहतात. फिल्टर तेल यंत्रावर दाबून काढतात आणि गाळतात. त्यालाही शेंगदाण्याचा वास असतो, फक्त घाण्याच्या तेलाइतका नाही. रिफाइंड तेल रसायनांनी शुद्ध करून, रंग काढून, २०० अंशांच्या वर तापवून वास घालवलेलं असतं.

रोजच्या फोडणीला घाण्याचं किंवा फिल्टर. क्वचित काही तळायचं असेल तेव्हा रिफाइंड, कारण ते साधारण २३० अंशांपर्यंत धुरावत नाही. न शुद्ध केलेलं तेल १६० अंशांच्या आसपासच धूर सोडायला लागतं. रिफाइंड म्हणजे विष, असं अलीकडे सर्रास बोललं जातं, ते मला पटत नाही. चव आणि काही सूक्ष्म घटक त्यातून जातात एवढं खरं, पण शेंगदाण्यातल्या बुरशीचं विषही शुद्धीकरणात निघून जातं.

या बुरशीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण घाण्याचं तेल घेणाऱ्यांपैकी बरेच जण याकडे बघतच नाहीत. शेंगा काढणीनंतर नीट वाळल्या नाहीत किंवा ओलसर जागी साठवल्या तर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृताला घातक आहे आणि फोडणीच्या उष्णतेनं जात नाही. घाण्यावर काहीच शुद्धीकरण होत नसल्यामुळे शेंगदाणे खराब असतील तर दोष थेट तेलात उतरतो. म्हणून घाणेवाल्याकडे गेलात की तेलाच्या बाटलीआधी शेंगदाण्याचं पोतं बघा. दाणे काळपट, सुरकुतलेले, हिरवट बुरशीचे ठिपके असलेले नकोत. मूठभर हातात घेऊन वास घ्या. दोन दाणे चावून बघा, कडवट लागले तर तिथून तेल घेऊ नका. समोर निवडून मगच घाण्यात घालणारा घाणेवाला मिळाला तर त्याला धरून राहा.

भेसळीची शंका असेल तर एक साधा हिशेब करता येतो. घाण्यावर एक लिटर तेलाला सव्वादोन ते अडीच किलो शेंगदाणे लागतात. त्या दिवशीचा शेंगदाण्याचा भाव अडीचनं गुणा, पेंडीचे पैसे वजा करा, घाण्याची मजुरी मिळवा. तुम्हाला सांगितलेला भाव या आकड्याच्या बराच खाली असेल तर त्यात दुसरं तेल आहे असंच समजा. शक्य असेल तर स्वतः शेंगदाणे निवडून नेऊन घाण्यावर काढून घेणं उत्तम. पेंडही तुमचीच राहते, आणि ताजी पेंड गाईम्हशींना आवडते.

पॅकबंद घेताना ‘ब्लेंडेड’ हा शब्द शोधा. पुढच्या बाजूला शेंगांचं मोठं चित्र आणि मागे बारीक अक्षरात वीस टक्के शेंगदाणा तेल, असं असू शकतं. सुटं, बिनलेबलाचं तेल विकायला अन्नसुरक्षा कायद्यानुसार सर्वसाधारणपणे बंदी आहे, तेव्हा घाण्याच्या बाटलीवरही काढल्याची तारीख, पत्ता आणि परवाना क्रमांक मागा.

तिसरी पायरी: साठवण

घाण्याचं तेल उजेड, उष्णता आणि हवा यांनी खवट होतं. गॅसशेजारच्या ओट्यावर पारदर्शक बाटली ठेवणं ही सगळ्यात वाईट जागा. मोठा साठा स्टीलच्या डब्यात, अंधाऱ्या फडताळात ठेवा आणि आठवड्यापुरतं छोट्या किटलीत काढा. तांब्यापितळेच्या भांड्यात अजिबात नको, या धातूंनी तेल लवकर बिघडतं. तळाशी बसलेला गाळ हलवू नका, वरचं निथळ तेल घ्या. दोनतीन महिन्यांत संपेल एवढंच आणा. आणि किटली रिकामी झाली की धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच भरा. जुन्या तेलाच्या चिकट थरावर नवं तेल ओतलं की तेही खवट व्हायला लागतं.

चौथी पायरी: रोजचे १०० मिली

महिन्याला तीन लिटर म्हणजे रोज १०० मिली. चार माणसांना मिळून. म्हणजे ५ मिलीचे वीस चमचे.

आपल्या घरातली तेलाची पळी किती मिलीची आहे ते आज मोजा. औषधाच्या बाटलीसोबत येणारं खुणांचं झाकण असतं, त्यानं पाणी मोजून पळी भरा. काही पळ्या १५ मिलीच्या निघतात, काही ३० च्या. तीस मिलीच्या तीन पळ्या सकाळच्या स्वयंपाकात गेल्या तर दिवसाचं तेल दुपारच्या आतच जवळजवळ संपलं. किटलीत पळीऐवजी ५ मिलीचा चमचा ठेवणं हा मला माहीत असलेला सगळ्यात परिणामकारक बदल आहे. कढईत थेट किटलीतून ओतणं बंद करा.

वीस चमचे असे वाटता येतील: नाश्त्याला चार, दुपारच्या भाजीला चार, आमटीला दोन, पोळ्यांना चार, रात्रीच्या भाजीला किंवा उसळीला चार, आणि दोन चमचे कच्चे, चटणीवर किंवा कोशिंबिरीवर घ्यायला. ज्या दिवशी भाकरी आहे त्या दिवशी पोळ्यांचे चार चमचे वाचतात. ते दुसरीकडे खर्च केलेच पाहिजेत असं नाही.

ज्यांच्या हाताला चमचा मोजायची सवय लागत नाही, त्यांनी रोज सकाळी १०० मिली तेल एका वाटीत काढून ओट्यावर ठेवावं आणि दिवसभर त्यातूनच घ्यावं. दोन-तीन माणसं मिळून स्वयंपाक करत असतील त्या घरात ही वाटी जास्त उपयोगी पडते, कारण दुसऱ्यानं किती घातलं ते विचारावं लागत नाही.

पाचवी पायरी: कमी तेलात खमंग कसं करायचं

इथे खरं कसब आहे. तेल कमी केल्यावर फोडणी करपते, कांदा चिकटतो, वांगं कोरडं लागतं, आणि मग माणूस पुन्हा पळी बुडवतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीला आपल्याच स्वयंपाकघरात जुना उपाय आहे.

भांड्यापासून सुरुवात करा. सपाट बुडाच्या रुंद पॅनमध्ये दोन चमचे तेल पातळ पसरतं, मोहरी त्यात बुडत नाही, तडतडायच्या आधी हळद जळते. गोल बुडाच्या बिडाच्या किंवा लोखंडी कढईत तेच दोन चमचे मध्ये जमा होतात. आमटीला, पिठल्याला, कोशिंबिरीला तर लोखंडी फोडणीची पळीच वापरा. छोट्या खोलगट पळीत दोन चमचे तेलात मोहरी पूर्ण बुडून तडतडते. तेल नीट तापू द्या, एक मोहरी टाकून बघा, ती लगेच उडाली पाहिजे. मग मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता. गॅस बंद करून शेवटी हळद आणि तिखट. तेल थोडं असताना हळद-तिखट नेहमी गॅस बंद केल्यावरच घालावं. घाण्याच्या ताज्या तेलाला तापताना फेस येतो, त्यानं घाबरू नका. मात्र निळसर धूर निघेपर्यंत तापवू नका.

कांदा परतताना सुरुवातीलाच चिमूटभर मीठ घाला, त्याचं पाणी सुटतं आणि तो स्वतःच्या रसात मऊ होतो. चिकटायला लागला तर तेलाऐवजी चमचाभर पाण्याचा हबका मारा. रंग थोडा उशिरा येईल, पण येईल.

भाजी शिजवायला झाकणावर पाणी ठेवण्याची रीत अनेक घरांतून गेली आहे, ती परत आणा. कढईवर खोलगट ताटली, ताटलीत पाणी. आतली वाफ गार ताटलीला लागून थेंबाथेंबानं परत भाजीवर पडते, त्यामुळे भाजी तेलाशिवाय शिजते आणि करपत नाही. लागलंच तर ताटलीतलं गरम पाणी भाजीत घालता येतं. कोबी, फ्लॉवर, तोंडली, फरसबी, बटाट्याच्या काचऱ्या, सगळ्यांना चार जणांत तीन ते चार चमचे तेल पुरतं.

वांगं तेल शोषून घेतं. भरली वांगी करताना वांग्यांना चिरा देऊन, मीठ लावून, आधी पाच-सात मिनिटं वाफवून घ्या आणि मग मसाला भरून फोडणीत टाका. आतली हवेची पोकळी वाफवल्यावर दबते, तेल शोषलं जात नाही. भरीत तर भाजूनच होतं. खानदेशी भरतावर वरून घातलेलं कच्चं घाण्याचं तेल हा त्या पदार्थाचा प्राण आहे. ते बंद करू नका, माणशी अर्धा चमचा मोजून घाला.

कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजताना तेल लागतच नाही. सुकं खोबरं मंद आचेवर कोरडं भाजलं की स्वतःचं तेल सोडतं, त्याच कढईत मग कांदा भाजा. रश्शावर तवंग हवाच असेल तर तिखटाचा रंग कामाला लावा: एक चमचा कोमट तेलात ब्याडगी मिरचीचं तिखट घालून, मंद आचेवर क्षणभर ठेवून, वाढताना वरून सोडा. मिसळीचा कट वेगळा करून ठेवा आणि ज्याला जेवढा हवा तेवढाच वाढा. मोठ्या पातेल्यावर चार बोटं तर्री तरंगायची गरज नसते.

घावन आणि आंबोळीला अर्धा कांदा काट्याला टोचून तो तेलात बुडवून तव्यावर फिरवायची कोकणातली पद्धत सगळ्यात चांगली. चमचाभर तेलात पाच-सहा घावनं निघतात. थालीपीठाला मध्ये भोक पाडून प्रत्येकी अर्धा चमचा तेल, झाकण, मंद आच. पोह्यांत शेंगदाणे तेलात तळण्याऐवजी आधीच भाजून ठेवलेले शेवटी घाला. पापड भाजा. घडीच्या पोळीला आत तेलाचा हात फिरवा, वरून लावू नका, किंवा वरून लावा आणि आत नको. दोन्हीकडे नको.

तळण मी पूर्ण बंद करा म्हणणार नाही, सणावाराला होऊ द्या. पण छोटी, खोल कढई घ्या म्हणजे थोड्या तेलात काम होतं, तेल नीट तापवा, कारण कोमट तेलात पुरी जास्त तेल पिते. तळण्याआधी आणि नंतर कढई तेलासकट काट्यावर ठेवून वजन बघा. गेलेलं तेल पोटात गेलं, ते त्या दिवसाच्या शंभर मिलीत धरा. उरलेलं तेल गाळून लवकर संपवा, फार तर एकदा पुन्हा वापरा, नव्यात मिसळू नका. हॉटेल आणि फरसाणवाल्यांसाठी तळणाच्या तेलाचा नियमच आहे: १ जुलै २०१८ पासून, त्यातले ध्रुवीय घटक, म्हणजे वारंवार तापवून तेल बिघडल्यानं तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यावं लागतं. काळं, दाट, उकळताना चिकट फेस धरणारं तेल कुठे दिसलं तर तिथे खाऊ नका.

कूट विसरू नका

शेंगदाण्याचा कूट हेही तेलच आहे, फक्त दिसत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६५ कॅलरी आणि ४९ ग्रॅम स्निग्धांश असतो. साबुदाण्याच्या खिचडीत चौघांसाठी तेवढा कूट सहज जातो, म्हणजे फोडणीशिवायच दहा-अकरा चमचे तेल. कूट घातलेल्या भाजीला फोडणी एक-दोन चमच्यांची पुरे.

पण तेल की शेंगदाणे, असं निवडायची वेळ आली तर शेंगदाणे निवडा. त्या शंभर ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिनं आणि आठ-साडेआठ ग्रॅम तंतू आहेत, जे तेलात शून्य असतात. प्रथिनं आणि तंतूंनी पोट भरतं, शिवाय नीट न चावलेल्या दाण्यातली थोडी चरबी पचल्याशिवायच बाहेर पडते. संध्याकाळी भुकेला मूठभर भाजलेले किंवा उकडलेले शेंगदाणे, साधारण २५ ग्रॅम, सोबत काकडी. वजनासाठी यापेक्षा स्वस्त आणि पोटभरीचा खाऊ मला माहीत नाही. सोलापुरी शेंगाचटणीही चालेल, मात्र भाकरीवर चमचा-दोन चमचेच.

चयापचय वाढतं का?

अन्न पचवताना शरीर काही उष्णता खर्च करतं. प्रथिनांच्या कॅलरींपैकी २० ते ३० टक्के पचनातच जातात, पिष्टमय पदार्थांच्या ५ ते १०, आणि स्निग्धांशाच्या फार तर ३. म्हणजे चयापचयाला सगळ्यात कमी चालना तेलानं मिळते. सकाळी रिकाम्या पोटी मोठा चमचाभर तेल घेणं म्हणजे दिवसात १२० कॅलरींची भर घालणं, दुसरं काही नाही.

चयापचय वाढवणारं तेल म्हणून खोबरेलाचं नाव घेतलं जातं. त्यातली मध्यम साखळीची स्निग्धाम्लं, म्हणजे चरबीचे तुलनेनं लहान घटक, शरीर थोडी वेगळी जाळतं, हे खरं आहे. पण त्यावरचे प्रयोग मुख्यतः आठ आणि दहा कार्बनच्या आम्लांपासून खास बनवलेल्या तेलावर झाले. खोबरेलात ती जेमतेम १५ टक्के असतात. त्यातला जवळजवळ अर्धा भाग लॉरिक आम्लाचा, आणि ते पचनात बरंचसं लांब साखळीच्या आम्लांसारखंच वागतं. शिवाय खोबरेलात संपृक्त, म्हणजे थंडीत गोठणारा, स्निग्धांश खूप आहे, त्यानं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कोकणात आणि गोव्यात माशाच्या कालवणाला खोबरेलाची चव हवीच असेल तर जरूर घाला, पण बारीक होण्यासाठी म्हणून पिऊ नका.

शेंगदाणा तेलात साधारण निम्मा भाग एकअसंपृक्त, तीस टक्क्यांच्या आसपास बहुअसंपृक्त आणि १७ ते २० टक्के संपृक्त स्निग्धांश असतो. हृदयाच्या दृष्टीनं ही बरी मांडणी आहे. एक उणीव मोठी: ओमेगा-३ जवळजवळ नाहीच. ती उणीव जवसानं भरून काढा. विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी रोज एक चमचा खाल्ली तरी काम होतं. जवसाचं तेल फोडणीला वापरू नका, ते तापवण्यासाठी नाही. अधूनमधून करडई किंवा तिळाचं तेल आणलंत तर आणखी चांगलं. मात्र नवं तेल शंभर मिलीतच बसवा, वर नाही.

चयापचयासाठी खरोखर काही करायचं असेल तर वाचलेल्या तेलाच्या पैशांतून प्रथिनं आणा. प्रत्येक जेवणात एक वाटी घट्ट वरण किंवा मटकी-मुगाची उसळ, ताक, खात असाल तर अंडं किंवा मासे. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, मग त्या घरातल्या घरात काढलेल्या उठाबशा का असेनात. स्नायू टिकले तर बसल्याजागीचा खर्चही टिकतो. वजन उतरवताना स्नायू झडू दिले तर पुढे तेवढ्याच जेवणावर वजन परत चढतं, आणि हे मध्यमवयीन बायकांच्या बाबतीत मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खाताना प्रथिनं त्यांच्याच ताटातून गायब होतात.

काय मोजायचं, कोणी जपायचं

आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. रोजच्या चढउताराकडे लक्ष देऊ नका. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजा: पुरुषांचा ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या आत असावा. आपल्या लोकांत पोटाभोवतीची चरबी कमी वजनातही साठते, म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नये. कॅन उघडल्याची तारीख त्याच्यावर पेननं लिहा. तीन महिन्यांत वजन जराही हललं नाही आणि कॅन मात्र वेळेवर संपतो आहे, तर तेल सोडून दुसरीकडे बघा: साखरेचा चहा, भाताचं प्रमाण, बाहेरचं खाणं.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी, गरोदर आणि बाळाला पाजणाऱ्या बायकांनी, पित्ताशयाचा त्रास असणाऱ्यांनी आहारात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. तेल पार बंद तर कोणीच करू नये. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाशिवाय अंगी लागत नाहीत. दोन वर्षांखालच्या बाळाचं तेल-तूप घरातल्या मोठ्यांच्या वजनासाठी कमी करू नका.

ज्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी घाण्याचं आणि फिल्टर तेल दोन्ही टाळावं, कारण त्यात शेंगदाण्याची प्रथिनं उरतात आणि थोडीशीही जिवावर बेतू शकतात. अमेरिकेत राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथे पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलाला अ‍ॅलर्जीच्या सूचनेतून सूट आहे, पण गावाहून सामानात नेलेली घाण्याची बाटली त्या प्रकारात मोडत नाही. मुलांच्या मित्रमैत्रिणींना घरी जेवायला बोलावताना तेवढं त्यांच्या आईवडिलांना आधी सांगा.